कार्यालयांतील प्रिंटरना कायमचा पत्ता द्यावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘प्रिंटर चालत नाही, उद्या या’ हे उत्तर दाखल्यासाठी किंवा पावतीसाठी कार्यालयात गेलेल्या बहुतेकांनी ऐकलेले असते. मी कार्यालयांतील नेटवर्क जोडणीची कामे करतो, आणि अशा वेळी प्रिंटर पुष्कळदा ठणठणीत असतो, असा माझा अनुभव आहे. अनेक संगणकांसाठी एकच प्रिंटर असला की तो प्रिंट सर्व्हरमार्फत, म्हणजे प्रिंटरला जोडलेल्या छोट्या डबीमार्फत किंवा त्याच्या आतल्याच कार्डामार्फत, नेटवर्कवर येतो. या प्रिंट सर्व्हरला राउटर डीएचसीपी, म्हणजे आपोआप पत्ते वाटण्याच्या, पद्धतीने आयपी पत्ता (नेटवर्कवर उपकरण ओळखण्याचा क्रमांक) देतो खरा, पण तो ठरावीक मुदतीपुरता. लाइट जाऊन आली आणि राउटरने नव्याने वाटप केले, की जुना पत्ता दुसऱ्याच कुणाकडे जाऊ शकतो. संगणकांत मात्र तोच नोंदलेला राहतो आणि पडद्यावर ‘ऑफलाइन’ दिसू लागते.

एका तालुक्याच्या कार्यालयात संगणक १९२.१६८.१.१०४ या पत्त्यावर कागद पाठवत होते. प्रिंटरचे बटण काही सेकंद दाबून त्याचे माहितीपत्रक छापले, तेव्हा त्यावर शेवटचा आकडा ११२ निघाला; १०४ कुणाच्या तरी मोबाइलला मिळाला होता. त्याआधी तिथे ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारा संगणकातील प्रोग्रॅम) पुन्हा टाकण्याचे बिल लागलेले होते. ड्रायव्हर टाकताना नवा पत्ता आपोआप नोंदला जातो, म्हणून दुरुस्ती झाल्यासारखी वाटते, आणि पुन्हा लाइट गेली की तेच दुखणे उभे राहते.

यावर उपाय बिनखर्चाचा आहे. प्रत्येक प्रिंट सर्व्हरला बारा अक्षर-अंकांचा मॅक पत्ता, म्हणजे कारखान्यातूनच दिलेला ओळख क्रमांक, असतो; राउटरमध्ये त्याच्यापुढे एक आयपी पत्ता राखून ठेवला, की तो इतर कुणाला जात नाही. प्रिंटरमध्येच स्थिर पत्ता भरण्याचीही सोय असते, पण तो राउटर वाटत असलेल्या पत्त्यांबाहेरचा हवा. वाटप शेवटचा आकडा १०० ते २०० असलेल्या पत्त्यांतून होत असेल, तर प्रिंटरला २० हा आकडा द्यावा. वाटपातलाच पत्ता भरला, तर एखाद्या दिवशी कुणाचा लॅपटॉप त्याच पत्त्यावर येतो आणि प्रिंटर मध्येच चालतो, मध्येच थांबतो; हा बिघाड शोधणे सर्वांत जिकिरीचे. माझ्या मते राउटरमध्ये राखून ठेवणेच बरे, कारण सगळ्या नोंदी एके ठिकाणी राहतात; फक्त राउटर बदलताना त्या नव्याने भरायला विसरू नये. माहितीपत्रकावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता आला, तर राउटरकडून उत्तरच आलेले नाही असे समजून आधी केबल तपासावी.

कार्यालयांच्या डेड स्टॉक रजिस्टरमध्ये (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) प्रिंटरचे मॉडेल, अनुक्रमांक आणि किंमत असते, पत्ता मात्र नसतो. तो तिथे लिहावा आणि प्रिंटरवरही चिकटवावा. वार्षिक देखभालीच्या करारात ही अट घालावी, आणि राउटर व प्रिंटर दोन्ही बंद करून पुन्हा सुरू केल्यावर प्रत्येक संगणकावरून एक पान छापून दाखवल्याखेरीज जोडणीचे बिल मंजूर करू नये, अशी संबंधितांना विनंती आहे.

आपला,
एक नेटवर्क तंत्रज्ञ, सातारा