गोदेचा गाळ आणि तांब्याचा पत्रा

नाशिक

प्रिय सुध्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "अरे, तुझ्या त्या प्रिंटमध्ये नक्की आहे तरी काय?" तेव्हा हसून टाळलं. आता सावकाश सांगतो.

२०१९चा पूर आठव. पाणी गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर आलंय, हेच जो तो विचारत होता. ओसरल्यावर आमच्या वाड्याच्या भिंतीवर गाळाची एक रेघ राहिली. भिंत सुकत गेली तशा एकीच्या चार झाल्या. आईने चुना मारायला माणूस बोलावला, त्याआधी घाईघाईने मी त्या वहीत उतरवल्या. पण कागदावर त्या नुसत्या रेघाच दिसायच्या.

म्हणून त्या तांब्यावर कोरून छापायच्या ठरवल्या. छपाईसाठी तांब्याचा पत्रा मी भांडी बाजारातून वजनावर आणतो. तिथला तांबट कडेवरून बोट फिरवून म्हणतो, "ठोक्याचा डाग आहे, चालेल?" मला तोच हवा असतो. तांबटांचं नि छपाईचं नातं जुनंच आहे बरं का. नाना फडणवीसांच्या काळात पुण्यात एका तांबटाला तांब्यावर अक्षरं कोरायला शिकवलं, आणि पुढे १८०५मध्ये मिरजेत तशा पत्र्यांवरून गीता छापली. सगळी गीता उलट्या अक्षरांत! मला माझी सहीसुद्धा उलटी धड जमत नाही.

तर पत्र्यावर मेणाचा लेप द्यायचा, सुईने ओरखडायचं आणि फेरिक क्लोराइडमध्ये सोडायचं; जिथे मेण निघालंय तिथलं तांबं ते खातं. हे द्रावण थेट पुराच्या पाण्यासारखं तपकिरी. त्यातही गाळ धरतो, म्हणून प्लेट पालथी ठेवतात. एकदा मी उताणी ठेवली आणि गप्पांत विसरलो. गाळ ओरखड्यांत बसला. रेघ कुठे खोल गेली, कुठे अर्ध्यातच विरली. शाई भरून पहिला प्रूफ काढला, तर आमची भिंत समोर!

तेव्हापासून मुद्दामच उताणी ठेवतो. अंदाज मात्र अजून बसत नाही. दहातल्या चार तरी वाया जातात. त्या तांबटच परत घेतो, वजन करतो आणि दरवेळी हळहळतो, "अहो, एवढ्यात बंब झाला असता."

सोबत एक प्रिंट पाठवतोय. खाली पेन्सिलीने ३/८ लिहिलंय, म्हणजे आठातली तिसरी प्रत. वहिनींना किंमत वाटायची. वरची बाजू कोणती, ते विचारू नकोस.

तुझा,
अव्या