प्रशांत महासागरातली जंगले आपल्या मैत्रीच्या यादीत का नाहीत?

मा. परराष्ट्र व्यवहार मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सादर नमस्कार.

मे 2023 मध्ये पापुआ न्यू गिनीची राजधानी पोर्ट मोर्सबीला भारत आणि प्रशांत महासागरातले 14 बेट-देश यांची परिषद झाली. फिजीत हृदयरोग रुग्णालय, बेटांना डायलिसिसची सोय, समुद्री रुग्णवाहिका, जनऔषधी केंद्रे, सरकारी इमारतींवर सौरऊर्जा, खारे पाणी गोडे करणारी यंत्रे, असे बरेच काही भारताने 12 कलमी कार्यक्रमात जाहीर केले. ही मदत गरजेची आहे आणि तिचा मला अभिमान वाटतो. पण त्या कार्यक्रमात या बेटांवरचे जंगल कुठेच नाही. ते त्यात यावे, एवढ्यासाठी हे पत्र.

या जंगलांशी आपला संबंध जुना आहे. 1879 ते 1916 या काळात 60 हजारांहून जास्त भारतीय गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेले मजूर, म्हणून फिजीच्या उसात राबायला नेले गेले. त्याच उसातले उंदीर मारण्यासाठी 1883 मध्ये कोलकात्याहून तिथे मुंगूस नेले. उंदीर रात्री हिंडतो, मुंगूस दिवसा. दोघांची गाठ फारशी पडलीच नाही. वटवाघळे सोडली तर फिजीत मूळचा जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी नव्हता. त्यामुळे तिथले कितीतरी पक्षी बिनधास्त जमिनीवर घरटी करायचे, बेडूक पालापाचोळ्यात अंडी घालायचे. मुंगसाला आयते ताट मिळाले. विटी लेवू आणि वानुआ लेवू या दोन मोठ्या बेटांवरून जांभळी पाणकोंबडी गेली. तिच्याच कुळातला, पट्टेरी पंखांचा, फक्त फिजीत आढळणारा पक्षी जगातूनच नाहीसा झाला. फिजीचा जमिनीवर राहणारा बेडूक आज मुख्यतः तावेउनी, गाऊ, ओवालाऊ अशा मुंगूस नसलेल्या बेटांवर तग धरून आहे.

साळुंकीही तशीच, 1890 च्या सुमारास, उसावरच्या अळ्या खायला म्हणून नेली. लालबुड्या बुलबुल नंतर गेला. आपल्या अंगणात रोज दिसणारे हे पक्षी तिथल्या मूळ पक्ष्यांची जागा अडवतात, आणि बुलबुल परक्या झुडपांच्या बिया रानभर पसरवतो. यात त्या जिवांचा दोष नाही, आणि पोट भरायला गेलेल्या मजुरांचा तर नाहीच नाही. पण हे प्राणी आपल्याकडचे आहेत. ते कसे राहतात, काय खातात, हे आपल्या अभ्यासकांना जितके ठाऊक आहे तितके क्वचितच कुणाला असेल.

विटी लेवूचे क्षेत्रफळ 10 हजार चौरस किलोमीटरांहून जास्त आहे. तिथला शेवटचा मुंगूस काढणे आज कुणालाच जमणारे नाही. लहान बेटांवर मात्र ते जमते. जपानच्या अमामी ओशिमा बेटावर 1979 मध्ये हाबू या विषारी सापासाठी सुमारे 30 मुंगूस सोडले होते. त्यांची प्रजा हजारोंत गेली आणि तिथल्या दुर्मीळ काळ्या सशावर संकट आले. पुढे खास पथक नेमले, रानभर हजारो सापळे आणि कॅमेरे लावले, वास काढणारी कुत्री शिकवली. सप्टेंबर 2024 मध्ये जपान सरकारने बेट मुंगूसमुक्त झाल्याचे जाहीर केले. फिजीत आधी राखायचे आहे ते तावेउनी, कंदावू, गाऊ यांसारख्या बेटांना. तिथे जाणाऱ्या प्रत्येक बोटीची, प्रत्येक मालाच्या खेपेची तपासणी हवी. त्याला माणसे, कुत्री आणि वर्षानुवर्षे चालू राहणारा पैसा लागतो. हृदयरोग रुग्णालयाच्या मानाने हा खर्च कमीच असावा.

दुसरा विषय आमच्या कोकणाच्या जिव्हाळ्याचा आहे, तो म्हणजे गेंड्या भुंगा. माडाच्या शेंड्यात शिरून तो कोवळा कोंब कुरतडतो आणि पुढे उमलणाऱ्या झावळ्या कात्रीने त्रिकोणी कापल्यासारख्या निघतात. बागायतदार आकडीने त्याला ओढून काढतो, उकिरडा उपसून अळ्या वेचतो. हा किडा 1909 च्या सुमारास श्रीलंकेहून रबराच्या रोपांबरोबर सामोआत पोचला. त्याला मारणारा विषाणू 1967 मध्ये तिथे सोडल्यावर भुंगा पुष्कळ आटोक्यात आला होता. पण 2007 मध्ये प्रशांत महासागरातल्याच गुआम बेटावर या भुंग्याचा जो वाण सापडला त्याला तो विषाणू लागू पडत नाही. 2015 मध्ये हाच वाण सॉलोमन बेटांत होनिआराला आला. गुआममध्ये तर तो आता माडापुरता राहिलेला नाही, जंगलातल्या सायकस या माडासारख्या दिसणाऱ्या झाडांची खोडेही पोखरतो. कासारगोडच्या केंद्रीय लागवड पीक संशोधन संस्थेने 1983 मध्ये लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर विषाणू सोडून हा भुंगा आवरला होता. बेटावर हे काम कसे करायचे, याचा अनुभव आपल्याकडे आहे. कासारगोडचे आणि रत्नागिरीजवळच्या भाट्ये संशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ होनिआराला जाऊ शकतात, तिथली मुले इथे शिकायला येऊ शकतात. शिष्यवृत्त्या तर आपण जाहीर केल्याच आहेत.

लाकडाबद्दलही लिहायलाच हवे. पापुआ न्यू गिनी आणि सॉलोमनचे बहुतेक ओंडके चीनला जातात, पण भारतही गिऱ्हाईक आहे. ऑस्ट्रेलियाने 2012 मध्ये बेकायदा तोडलेल्या लाकडाच्या आयातीवर बंदी घालणारा कायदा केला. आपल्या बंदरात ओंडक्याला कीड आहे का ते पाहतात. तो कोणाच्या रानातून, कोणाच्या परवानगीने तोडला, हेही विचारले पाहिजे. हे खाते आपले नाही, पण वाणिज्य आणि पर्यावरण मंत्रालयांशी आपण बोलू शकता.

मदत देताना एक गोष्ट कृपया ध्यानात ठेवावी. फिजीतली जवळजवळ 90 टक्के जमीन मूळ रहिवाशांच्या कुळांच्या, म्हणजे मतंगालींच्या, सामाईक मालकीची आहे. झाडे विकून पैसे घ्यायचे की जंगल राखायचे, यात त्या कुळांचा शब्द मोलाचा असतो. विटी लेवूवरच्या सोवी खोऱ्यात लाकूडतोडीऐवजी जंगल राखण्याचेच भाडे कुळांना मिळावे, अशी व्यवस्था झाली. तावेउनीवर बौमाची गावे धबधबे आणि रानवाटा दाखवून उत्पन्न मिळवतात. आपला पैसा राजधानी सुवातल्या कचेऱ्यांत न अडकता अशा गावांपर्यंत पोचला, तरच जंगल उभे राहील.

पुढच्या परिषदेच्या विषयपत्रिकेवर परके जीव आणि जंगल हा स्वतंत्र विषय असावा, आणि त्याआधी सुवातल्या आपल्या उच्चायुक्तालयाने या गावांशी आणि निसर्ग आणि वारसा जपणाऱ्या फिजीच्या नॅशनल ट्रस्टशी बोलून काय हवे आहे ते विचारून घ्यावे, ही विनंती.

आपला नम्र,
रत्नागिरी जिल्ह्यातील एक नारळ-बागायतदार