पापाजी आणि बीजींना पत्र

प्रिय पापाजी, प्रिय बीजी,

सत् श्री अकाल.

फोनवर तुम्ही आधी ‘जेवलास का’ विचारता आणि माझं बोलणं तिथेच अडतं, म्हणून लिहितोय. मागच्या महिन्यात मी बाप्तिस्मा घेतला. बँकेतली नोकरी महिनाअखेर सुटेल. पुढे गावोगाव फिरून येशूबद्दल सांगायचं, हेच काम. ठरलंय, पापाजी.

कुणी पैसे दिलेले नाहीत, कुणी मुलगीही दाखवलेली नाही. नांदेडला हेच बोललं जाणार, म्हणून आधीच सांगतो. शिल्लक पुरेशी आहे. खोली तीच, डबाही तोच. बीजीच्या औषधांचे पैसे वेगळ्या खात्यात आहेत, त्यांना हात लावणार नाही.

आणि केस कापलेले नाहीत. बीजी, हे वाक्य दोनदा वाच. पगडीची पुणी करायला, म्हणजे कापड ताणून घडी घालायला, इथे दुसरं टोक धरणारं कुणी नाही, ते खिडकीच्या गजाला बांधतो. शीख घरातल्याच साधू सुंदरसिंगांनी 1905 मध्ये सिमल्याला बाप्तिस्मा घेतला आणि भगव्या कपड्यांत, फेटा बांधून ते तिबेटपर्यंत गेले. वडिलांनी त्यांना घराबाहेर काढलं होतं. पुढे त्यांच्या परदेशवारीचा खर्च त्याच वडिलांनी केला. हे मी मुद्दाम सांगतोय, कळलंच असेल.

मी प्रार्थनेला जातो ते इथलं, हैदराबादचं हेब्रोन हे प्रार्थनास्थळ बख्तसिंगांनी उभं केलेलं. तेही शीख म्हणूनच वाढलेले, पुढे ख्रिस्ती प्रचारक झाले. ते कॅनडाहून 1933 मध्ये मुंबईला उतरले, तेव्हा आईवडील भेटायला आले होते. ख्रिस्ती झालास हे घरी कुणाला सांगू नकोस, एवढंच त्यांचं मागणं. बख्तसिंग नाही म्हणाले आणि आईवडील त्यांना तिथेच सोडून परत गेले. खोटं बोलले नाहीत, ते बरंच केलं. पण वाचताना मला सारखं वाटत होतं, निदान एकदा एकत्र जेवायला तरी हवं होतं.

म्हणून दसऱ्याला मी येणार. हल्लाबोलच्या मिरवणुकीतल्या गर्दीत घोडे दिसावेत म्हणून पापाजी, तुम्ही मला खांद्यावर घ्यायचात आणि मी तुमची पगडी घट्ट धरून बसायचो. अजूनही गर्दीत हात आपोआप वर जातो. अरदास, आपली प्रार्थना, चालू असताना मी मागे उभा राहीन, काही बोलणार नाही. तुम्हाला समजवायला म्हणूनही येत नाहीये. नातेवाइकांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, मी वाद घालणार नाही. फक्त मला कुणी विचारलं तर खरं तेच सांगेन.

आता ऐका. पापाजी, पहाटे अंधारात नगिना घाटाच्या ओल्या पायऱ्या उतरायच्या नाहीत. शुगर दर महिन्याला तपासायची आणि कडाह प्रसाद एकदाच घ्यायचा, रांगेत पुन्हा उभं राहायचं नाही. बीजी, लंगरात पोळ्या लाटायला खाली बसू नकोस, खुर्ची मागून घे. मोतीबिंदूची तारीख आता पुढे ढकलायची नाही. वहिनीला सगळं सांगून ठेवलंय.

रागावून फोन केलात तरी चालेल. रात्री आठनंतर करा, तोवर बँकेत असतो.

तुमचा,
छोटू