चि. ताईस पत्र

चि. ताई हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी रात्री तू फोनवर हसत हसत सांगितलेस की निघालीस टेगर्नझेला आणि पोहोचलीस श्लियरझेला, पण तळे तिथेही होते, त्यामुळे फारसे बिघडले नाही. आई तुझ्याबरोबर हसली. मी मात्र नंतर नकाशा उघडून बसलो. म्युनिकहून सुटणारी ती गाडी होल्त्सकिर्शेनला तुटते, तिचा एक भाग श्लियरझेवरून बायरिशत्सेलच्या लाईनवर जातो आणि उरलेली गाडी शाफ्टलाखला पुन्हा तुटून अर्धी टेगर्नझेला, अर्धी लेंगग्रीसला जाते, हे मला तेव्हा कळले. गाडी तुटण्याचे मला नवल नाही, रेल्वेतली माझी सगळी नोकरी त्यातच गेली. मला खुपते ते एवढेच की घोषणा जर्मनमधून झाली, तुला ती समजली नाही, काही माणसे घाईने उतरून दुसऱ्या डब्यांकडे जाताना तू पाहिलीस, आणि तरीही शेजारच्या बाईंना तू काही विचारले नाहीस. भाषा येत नाही म्हणून संकोच वाटला, असे तू म्हणालीस. मग संध्याकाळी अनोळखी फलाटावर परतीच्या गाडीची तासभर वाट पाहत एकटी बसलीस, ते चालले?

रागावून लिहीत नाही. विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. अशा गाडीत बसताना गाडीचा कोणता भाग कुठे जातो ते फलाटावरच्या फलकावर वाच, मग आपण चढतो त्या डब्यावर कोणते गाव लिहिले आहे ते पाहा, आणि नंतर कुणाला तरी विचार. बोलता येत नसेल तर मोबाईलवर गावाचे नाव मोठ्या अक्षरांत लिहून समोर धर.

मुंबईहून येणाऱ्या पॅसेंजरचे शिर्डीचे डबे दौंडला कापले जात आणि पंढरपूरचे पुढे कुर्डुवाडीकडे जात, हे तुला आठवत असेल. तू आजीबरोबर फलाटावर माझा जेवणाचा डबा घेऊन यायचीस. एकादशीच्या आधी तर पाय ठेवायला जागा नसे. अक्षरओळख नसलेल्या म्हाताऱ्या बायका आधी हमालाला, मग चहावाल्याला आणि शेवटी मला विचारीत, आणि तिघांचे उत्तर जुळल्याखेरीज बूड टेकवीत नसत. त्यांतल्या काही तेलंगी बायकांना मराठी धड येत नसे, त्या डब्याकडे बोट दाखवून नुसते "पंढरपूर?" म्हणत. त्यांतली एकही शिर्डीला गेल्याचे मला आठवत नाही. तू एवढी शिकलेली, परक्या मुलखात स्वतःच्या हिमतीवर राहणारी. आत्या सगळ्या गल्लीला तुझे कौतुक सांगत असते, आणि खरे सांगायचे तर मीही काही कमी सांगत नाही. पण विचारण्याच्या बाबतीत त्या बायका तुझ्यापेक्षा हुशार होत्या. हे जरा जास्त झाले, माफ कर.

आता फ्रँकफर्टचे. धाकट्याला आणायला तू विमानतळावर जाणार आहेस. लक्षात ठेव, तुझे महिन्याचे तिकीट आयसीईला, म्हणजे तिथल्या लांब पल्ल्याच्या वेगवान गाडीला, चालत नाही, वेगळे काढावे लागेल. स्वस्तातले काढलेस तर ते त्याच गाडीला बांधलेले असते. मात्र मुक्कामी पोहोचायला वीस मिनिटे किंवा त्याहून अधिक उशीर होणार असे दिसले, तर दुसऱ्या गाडीने जाण्याची मुभा मिळते, म्हणून वाटेत बदलायची पुढची गाडी चुकली तरी घाबरू नकोस. काही गाड्या आधी फ्रँकफर्टच्या मुख्य स्थानकात जातात. तिथे आपल्या सीएसएमटीसारखे रूळ संपतात आणि गाडी उलट्या दिशेने बाहेर पडते. पूर्वी पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचे इंजिन दौंडला काढून दुसऱ्या टोकाला लावीत, तेव्हा गाडी परत पुण्याला निघाली असे वाटून लोक सामानासह उड्या मारीत. तू तसे करणार नाहीस, पण शंका आलीच तर शेजारी विचार. विमानतळावर लांब पल्ल्याच्या गाड्यांचे स्थानक वेगळे आणि लोकल गाड्यांचे वेगळे आहे, तेव्हा परतताना कोणत्या स्थानकात जायचे ते तिथल्या माणसाला विचारूनच पाऊल उचल. पोलंडच्या सीमेवर ओडर नदीकाठी याच नावाचे आणखी एक गाव आहे. तिकीट काढताना माइन नदीचेच फ्रँकफर्ट निवडले आहे ना, ते पाहा.

विचार, विचार असे किती वेळा लिहिले ते आता वाचताना दिसते आहे. खोडत बसत नाही. शाळेत गणित अडले तरी तू बाईंना विचारत नसायचीस, घरी येऊन रडायचीस आणि मग रात्री स्वतःच सोडवायचीस. मला त्याचा अभिमानही वाटे आणि धास्तीही. गणिताला रात्रभर वेळ असतो, गाडी दोन मिनिटे थांबते.

फ्रँकफर्टच्या गाडीचा नंबर आणि वेळ आदल्या दिवशी कळव. आईचा गुडघा आता बरा आहे.

तुझे बाबा

ता. क. होल्त्सकिर्शेनला गाडी तोडताना डबे जोडणारे कपलिंग कसे सोडतात ते जमल्यास पाहून ये. आमच्याकडे त्यासाठी माणूस दोन डब्यांच्या मध्ये शिरत असे. तिथे तसा कुणी दिसला नाही, तर ड्रायव्हरला विचार.