ओढ्याची जुनी वाट टोपोशीटवर आहे

महोदय,

उन्हाळा आला की ओढ्यांच्या खोलीकरणाची, सरळीकरणाची कामे निघतात. मी पाहिलेल्या अशा प्रत्येक कामात गावनकाशा होता, टोपोशीट (जमिनीचा चढउतार, ओढे-नाले दाखवणारा नकाशा) एकातही नव्हते. गावनकाशा गटांच्या हद्दी सांगतो. जमिनीचा उतार त्यात नसतो. तो भारतीय सर्वेक्षण विभागाच्या शीटवर असतो, आणि तोही दोन काळांतला: आधीची एका मैलाला एक इंच (१:६३,३६०) प्रमाणाची शीटे आणि नंतरची १:५०,००० ची.

जुन्या शीटसाठी सर्वेक्षक तिपाईवर फळा मांडून समोरचे टेकाड, ओढा तिथल्या तिथे कागदावर उतरवत. तपकिरी समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, ओढ्यापाशी वाकतात आणि त्यांचे टोक उगमाकडे असते. बारीकशी ओघळसुद्धा त्या वाकण्यावरून ओळखता येते. काळ्या रेषेचा ओढा पावसाळ्यापुरता, निळा असेल तर बारमाही. नंतरच्या शीटवर काठाशी ‘५आर’ लिहिलेले असले, तर काठ तळापासून पाच मीटर उंच.

एका ओढ्याची दोन्ही शीटे मी एकाच प्रमाणावर आणून ट्रेसिंग पेपरने ताडून पाहिली. जुन्या शीटवर देवळाखाली मोठे वळण होते. आज तिथे सरळ चर आहे आणि वळणाच्या जागी शेत. प्रत्यक्ष गेलो, तर नांगराच्या तासात गुळगुळीत गोटे वर आलेले. “मोठा पाऊस झाला की पाणी इथंच येऊन बसतं,” शेतकरीदादा म्हणाले. चर खणला तरी तिथला सखलपणा हटला नव्हता. हे आधी पाहिले असते, तर त्यांचे दोन हंगाम वाचले असते.

हद्दीच्या भांडणात मात्र हे शीट कोणी नेऊ नये. १:५०,००० वर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर पन्नास मीटर. बांध कोणाचा, हे त्यावरून ठरत नाही.

१:५०,००० ची शीटे आता विभागाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. जुनी इंची शीटेही तशीच सर्वांना खुली करावीत, आणि सरळीकरणाच्या प्रत्येक आराखड्याला दोन्हींची प्रत जोडणे बंधनकारक करावे. आराखडा ग्रामसभेपुढे येण्याआधी गावातल्या जाणत्यांना बरोबर घेऊन, हातात शीट धरून, ओढा उगमापासून संगमापर्यंत एकदा चालावा. डोह आणि वळणांची त्यांना ठाऊक असलेली नावे त्याच वेळी शीटच्या प्रतीवर लिहून घ्यावीत.

— एक निवृत्त भूगोल शिक्षक