‘ओव्हरक्लॉकिंगसाठी सज्ज’ मदरबोर्डाची न सांगता बदललेली आवृत्ती : तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : बी६५० मदरबोर्ड, रिव्हिजन १.१ जाहिरातीप्रमाणे काम करत नसल्याबद्दल आणि तो बदलून मिळण्याबाबत

महोदय / महोदया,

स. न. वि. वि.

आपल्या कंपनीचा, एएमडी प्रोसेसरसाठीचा बी६५० चिपसेटचा (बोर्डाची क्षमता ठरवणारी मुख्य चिप) मदरबोर्ड मी दोन गोष्टींसाठी घेतला. प्रोसेसर ओव्हरक्लॉक करता यावा, म्हणजे ठरलेल्या वेगाहून (क्लॉकहून) जास्त वेगाने चालवता यावा, आणि पुढच्या पिढीचा प्रोसेसर आला की बोर्ड न बदलता तो बसवता यावा. दोन्ही गोष्टी बॉक्सवर ठळक अक्षरांत छापलेल्या आहेत, आणि दोन्हींपैकी एकही धड मिळालेली नाही. आपल्या सेवा केंद्राकडून दर वेळी ‘बायोस डीफॉल्टवर आणा, सीमॉस क्लिअर करा’ (म्हणजे बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरची सेटिंग पुसून पहिल्यासारखी करा) एवढेच उत्तर येते, म्हणून सगळे सविस्तर लिहीत आहे. तेच उत्तर पुन्हा चिकटवण्याआधी पत्र शेवटपर्यंत वाचावे, ही विनंती.

बोर्ड मी डोळे झाकून घेतलेला नाही. एएमडीच्याच ए६२० चिपसेटवर प्रोसेसरचे ओव्हरक्लॉकिंग करता येत नाही, म्हणून ते बोर्ड स्वस्त असूनही आधीच बाजूला काढले. इंटेलकडे जायचे तर के-मालिकेचा प्रोसेसर आणि झेड चिपसेट अशी जोडी लागते. शिवाय तिकडचा अनुभव सर्वांना ठाऊक आहे. २०१५ ची सहावी पिढी आणि २०१७ च्या अखेरीला आलेली आठवी पिढी, दोन्हींचे सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा) एलजीए११५१, पिनांची संख्या तीच, पण आठवीसाठी ३०० मालिकेचाच बोर्ड हवा होता. एएमडीच्या एएम४ सॉकेटवरही मे २०२० मध्ये असाच प्रसंग आला होता. झेन ३ पिढीचे प्रोसेसर ५०० मालिकेच्या चिपसेटवरच चालतील असे आधी जाहीर झाले, आणि ग्राहकांनी ओरड केल्यावर बी४५० व एक्स४७० या जुन्या चिपसेटनाही मुभा मिळाली. तेव्हा पुढे केलेल्या कारणांपैकी एक होते बायोस चिपची १६ एमबी क्षमता. तेव्हापासून पुढच्या अपग्रेडचा विचार करणारा कोणीही नुसते सॉकेटचे नाव पाहून बोर्ड घेत नाही. बायोस चिप केवढी, प्रोसेसरशिवाय बायोस चढवता येतो का, व्हीआरएम (प्रोसेसरला योग्य व्होल्टेजची वीज पुरवणारा बोर्डावरचा भाग) कसा आहे, हे सगळे पाहतो. मीही पाहिले.

माझ्या बोर्डाच्या एएम५ सॉकेटला निदान २०२५ पर्यंत नवे प्रोसेसर मिळतील असे एएमडीने २०२२ मध्ये सांगितले होते आणि पुढे ही मुदत २०२७ व त्यानंतरपर्यंत वाढवली. पण हे वचन सॉकेटपुरते आहे. त्या सॉकेटमध्ये बसणारा मोठा प्रोसेसर बोर्डाला पेलेल की नाही, हे सर्वस्वी बोर्ड बनवणाऱ्याच्या, म्हणजे आपल्या हातात असते.

माझी तक्रार नेमकी इथे सुरू होते. आपल्या वेबसाइटवर या मॉडेलचा जो फोटो आहे, त्यात व्हीआरएमवर दोन भरीव ॲल्युमिनियमचे हीटसिंक आहेत आणि त्यांना जोडणारा हीटपाइप आहे. मागच्या पॅनेलवर बायोस फ्लॅशबॅकचे, म्हणजे प्रोसेसरशिवाय बायोस चढवण्याचे बटण आहे. माझ्या हाती आलेल्या बोर्डावर हीटपाइप नाही. वरच्या हीटसिंकवर टिचकी मारली तर प्लास्टिकचा आवाज येतो, कारण ते नुसते कव्हर आहे आणि धातूची पट्टी त्याच्या खाली लपलेली आहे. फ्लॅशबॅकचे बटण जिथे असायला हवे तिथे मागच्या पट्टीत बुजवलेले भोक आहे, आणि बोर्डावर त्याच जागी सोल्डरचे रिकामे ठिपके स्पष्ट दिसतात. बोर्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘रिव्हिजन १.१’ असे छापले आहे. बॉक्सवर रिव्हिजनचा उल्लेख फक्त बारकोडशेजारच्या स्टिकरवर आहे. मॉडेलचे नाव तेच, चित्र तेच, ‘१२+२ फेज’ (व्हीआरएममधील वीज वाटून देणाऱ्या समांतर शाखा) हा दावाही तोच. वेबपानाच्या तळाशी ‘चित्रे केवळ माहितीसाठी’ अशी ओळ आहे खरी. पण हीटसिंक आणि बटण काढून टाकायचे आणि ते त्या एका ओळीवर ढकलायचे, याला काय म्हणावे?

सुरुवातीला यातले काहीच जाणवले नाही, कारण बोर्डावर ६५ वॉटचा सहा कोअरचा रायझन ५ ७६०० होता. तेवढा भार कोणताही बोर्ड सहज पेलतो. डीडीआर५ मेमरी एक्स्पो या तयार वेगवान सेटिंगवर ६००० ला मुकाट चालत होती. (वायफाय, साउंड, एम.२ स्लॉट यांबद्दलही माझी काही तक्रार नाही.)

नंतर रायझन ९ ९९५०एक्स घेतला. सोळा कोअर, १७० वॉट टीडीपी (उष्णतेचा नेमून दिलेला आकडा). आपल्या प्रोसेसर यादीत तो या मॉडेलसमोर नोंदवलेला आहे, रिव्हिजनची कोणतीही अट न घालता. तो बसवला तर सीपीयूचा लाल दिवा लागला तो लागलाच, स्क्रीन काळी. जुन्या बायोसला नवा प्रोसेसर ओळखता येत नाही, यात नवल नाही. नेमक्या याच वेळेसाठी फ्लॅशबॅक असते. पेन ड्राइव्हवर फाइल ठेवायची, बटण दाबायचे, काम झाले. माझ्या बोर्डावर बटणच नाही. बोर्ड सेवा केंद्रात पाठवा, आम्ही बायोस चढवून देऊ, असे आपल्या प्रतिनिधीने सुचवले. एका फाइलसाठी कामाचा संगणक खोलून कुरिअरच्या हवाली करायचा! शेवटी जुना प्रोसेसर ज्या नातेवाइकाला दिला होता, त्याच्या संगणकातून तो काढून आणला, बायोस चढवला आणि परत नेऊन बसवला.

खरी अडचण पुढेच आहे. सगळे कोअर भरात चालवले की सुरुवातीला क्लॉक ५ गिगाहर्ट्‌झच्या आसपास असतो. काही मिनिटांत तो घसरत घसरत ३.१ वर येतो आणि तिथेच अडकतो. त्या वेळी प्रोसेसरचे तापमान ७४ अंश असते, त्याची मर्यादा ९५ आहे, म्हणजे कूलर व्यवस्थित काम करतो आहे. व्हीआरएमचा सेन्सर मात्र ११२ अंश दाखवतो. हे सर्व बायोस डीफॉल्टवर, पीबीओ (एएमडीची आपोआप ओव्हरक्लॉक करणारी सोय) बंद ठेवून. व्हीआरएमच्या हीटसिंकवर झोत येईल असा एक छोटा पंखा बाहेरून लावला की सेन्सरचा आकडा उतरतो आणि क्लॉक लगेच वर चढतो. पंखा काढला की पुन्हा ३.१. दोष कुठे आहे हे कळायला याहून स्पष्ट पुरावा लागत नाही. दोन्ही वेळच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत.

यावर आपल्या तांत्रिक विभागाने लिहिले की ‘ओव्हरक्लॉकिंगमुळे होणारे परिणाम वॉरंटीत बसत नाहीत’. या प्रोसेसरचा बेस क्लॉक, म्हणजे निर्मात्याने दिलेला किमान मूळ वेग, ४.३ गिगाहर्ट्‌झ आहे. मी ओव्हरक्लॉक केलेले नाही. उलट आपला बोर्ड प्रोसेसरला त्याच्या बेस क्लॉकवरसुद्धा टिकू देत नाही. ज्या बोर्डाच्या बॉक्सवर ‘ओव्हरक्लॉकिंगसाठी सज्ज’ असे लिहिले आहे, त्याच्या निर्मात्याने हे उत्तर द्यावे, ही तर थट्टाच झाली.

आता ओव्हरक्लॉकिंगचा हिशेब. प्रोसेसरला १.२ व्होल्टला २०० वॉट द्यायचे तर व्हीआरएममधून १६० अँपिअरहून जास्त प्रवाह जातो. प्रवाह दुप्पट झाला तर मॉस्फेटच्या (व्हीआरएममधील वीज चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या) रोधामुळे होणारी उष्णता चौपट होते. म्हणून तर हा प्रवाह अनेक फेजमध्ये वाटून द्यावा लागतो, आणि म्हणूनच फेज खरे किती व डबलर (एका फेजचा सिग्नल दोघांत वाटणारी चिप) लावून मोजलेले किती, याला महत्त्व आहे. वीजवापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १.२० चे १.३० व्होल्ट केले तर तेवढ्यानेच तो सुमारे १७ टक्के वाढतो, वाढवलेल्या क्लॉकचा भार वेगळाच. डीफॉल्टलाच धाप लागणाऱ्या बोर्डावर हे करून पाहण्याचा प्रश्नच येत नाही. एएम५ सॉकेट मुळात २३० वॉटपर्यंतच्या भारासाठी आखलेले आहे, तेव्हा मी काही जगावेगळी अपेक्षा केलेली नाही.

आत कोणते मॉस्फेट बसवले आहेत, हे वॉरंटी जाईल म्हणून मी हीटसिंक काढून पाहिलेले नाही. ते आपणच सांगावे. ‘सुट्या भागांच्या उपलब्धतेनुसार घटक बदलू शकतात’ असे आपल्या शेवटच्या मेलमध्ये आहे. भाग मिळेनासे होतात, हे मलाही समजते. अशा वेळी निर्मात्याने मॉडेलचे नाव बदलावे, किंवा निदान प्रोसेसर यादीत रिव्हिजनचा वेगळा रकाना करावा. जुन्या रिव्हिजनने मिळवलेल्या नावावर नवी रिव्हिजन ग्राहकाच्या गळ्यात मारणे ही उपलब्धतेची अडचण नव्हे.

माझी मागणी अशी की मला याच मॉडेलचा रिव्हिजन १.० चा बोर्ड द्यावा. तो शिल्लक नसेल तर ९९५०एक्स बेस क्लॉकच्या खाली न जाता सलग चालवू शकेल आणि ज्याला फ्लॅशबॅक आहे, असा आपला दुसरा एएम५ बोर्ड चालेल. तेही जमत नसेल तर बिलाची पूर्ण रक्कम परत करावी. दुरुस्त केलेला रिव्हिजन १.१ मी स्वीकारणार नाही, कारण बिघाड माझ्या एका बोर्डात नाही, आराखड्यात आहे. बदली बोर्ड हाती आल्यावरच जुना परत पाठवीन, मधल्या काळात संगणक बंद ठेवणे मला शक्य नाही.

याशिवाय दोन्ही रिव्हिजनमधील व्हीआरएमचा कंट्रोलर, मॉस्फेट आणि खऱ्या फेजची संख्या लेखी कळवावी.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत तांत्रिक माहिती असलेल्या अधिकाऱ्याकडून उत्तर अपेक्षित आहे. ते न आल्यास सोबतच्या सर्व पुराव्यांसह ग्राहक तक्रार निवारण यंत्रणेकडे दाद मागेन.

कळावे.

आपल्या बोर्डाचा एक ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, सीरियल क्रमांक व रिव्हिजन दिसेल असे बोर्डाचे फोटो, वेबसाइटवरील उत्पादनपान व प्रोसेसर यादीचे तारखेसह स्क्रीनशॉट, पंख्यासह आणि पंख्याविना घेतलेल्या तापमान व क्लॉकच्या नोंदी, सेवा केंद्राशी झालेला पत्रव्यवहार