फोनमध्ये ‘सॉफ्टवेअर मारण्या’आधी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

वागळे इस्टेटमधील एका कारखान्याच्या देखभाल विभागात ३२ वर्षे काम करून मी निवृत्त झालो. बंद पडलेल्या यंत्रापुढे उभे राहिल्यावर आधी हात खिशात घालायचे आणि डोळे उघडे ठेवायचे, हे आमच्या फोरमनने मला पहिल्याच आठवड्यात शिकवले होते. बिघाड कधी झाला, त्या वेळी काय चालले होते, एकच यंत्र थांबले की सगळी लाइन थांबली, एवढे लॉगबुकात लिहिल्याशिवाय पान्याला हात लावायची आम्हाला मुभा नसे. स्मार्टफोनच्या बाबतीत मात्र लोक याच्या नेमके उलट वागतात आणि त्यात स्वतःचे नुकसान करून घेतात, असे अलीकडे वारंवार दिसते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मासुंदा तलावाच्या काठी सकाळी आम्हा ज्येष्ठांचा कट्टा भरतो. गुडघे, रक्तदाब आणि रस्त्यांवरचे खड्डे हे तीन विषय उरकले की कोणीतरी खिशातून फोन काढतो आणि ‘हे ॲप उघडते आणि लगेच बंद होते, बघा जरा’ असे म्हणत तो माझ्यापुढे धरतो. गेल्या काही महिन्यांपासून मी या तक्रारींसाठी एक वहीच घातली आहे. जुनी खोड, दुसरे काय.

त्या वहीच्या पहिल्या पानावर आमच्याच इमारतीतील एका वहिनींची नोंद आहे. त्यांच्या बँकेचे ॲप उघडले की बोधचिन्ह दिसे, मधोमध एक चक्र दोन सेकंद फिरे आणि पुन्हा फोनचा मुख्य पडदा समोर येई. त्यांनी फोन स्टेशनजवळच्या एका दुकानात नेला. दुकानदाराने फोन हातात घेऊन उलटासुलटा केला आणि ‘सॉफ्टवेअर मारावे लागेल’ असे सांगून ५०० रुपये घेतले. सॉफ्टवेअर मारणे या भारदस्त शब्दाचा अर्थ बहुतेक वेळा फॅक्टरी रीसेट एवढाच असतो, म्हणजे फोन विकत घेतला त्या दिवशी जसा होता तसा कोरा करणे. संध्याकाळी फोन परत आला, बँकेचे ॲपही सुरू झाले, पण नातीच्या बारशाचे जे फोटो बॅकअपमध्ये गेलेले नव्हते ते कायमचे गेले. तीन आठवड्यांनी ॲप पुन्हा तसेच बंद पडू लागले, तेव्हा कुठे तो फोन माझ्याकडे आला.

सेटिंग्जमध्ये जाऊन स्टोरेज उघडले आणि कारण समोर आले. ३२ जीबीच्या त्या फोनमध्ये जेमतेम ३०० एमबी जागा शिल्लक होती. कोणतेही ॲप उघडताना आणि चालताना काही तात्पुरत्या फाइली लिहीत असते आणि स्वतःच्या नोंदी अद्ययावत करत असते, त्यामुळे लिहायला जागाच मिळाली नाही तर ते अर्ध्यावर कोसळते. वहीत पानच उरले नाही तर कारकुनाने नोंद कुठे करायची? फोन कोरा केला तेव्हा जागा मोकळी झाली, म्हणून ॲप चालले. पण व्हॉट्सॲप नव्याने घातल्यावर फोटो आणि व्हिडिओ आपोआप उतरवून घेण्याची सोय त्यात पूर्ववत सुरू राहिली. चौदा गटांमधून येणारी सूर्योदयाची, गणपतीची आणि चहाच्या कपांची चित्रे तीन आठवडे साठत गेली आणि गाडे पुन्हा मूळपदावर आले. आम्ही ते आपोआप उतरवणे बंद केले, व्हॉट्सॲपच्याच सेटिंग्जमधील ‘मॅनेज स्टोरेज’मध्ये जाऊन पाच एमबीहून मोठ्या आणि अनेकदा पुढे ढकललेल्या फाइली काढून टाकल्या आणि गॅलरीतील कचरापेटी रिकामी केली. पुसलेले फोटो काही दिवस त्या पेटीत पडून राहतात आणि जागाही अडवतात, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. या सगळ्याला वीस मिनिटे लागली.

दुकानदाराला मी सर्वस्वी दोष देत नाही. वीस मिनिटे एका फोनवर घालवण्यापेक्षा एक बटण दाबून गिऱ्हाईक मोकळे करणे त्याला परवडते. आपल्याला ते परवडते का, एवढेच फोन त्याच्या हाती देण्याआधी पाहायला हवे.

माझा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: एकच ॲप पडते की अनेक? एकच पडत असेल तर दोष बहुधा त्या ॲपमध्ये किंवा त्याने साठवलेल्या माहितीत असतो. कालपर्यंत सुरळीत चालणारी अनेक ॲप्स एकाच दिवशी पडू लागली, तर फोनमधील एखाद्या सामायिक भागावर संशय घ्यावा. मार्च २०२१ मध्ये जगभरात नेमके हेच घडले होते. अँड्रॉइड फोनमध्ये ‘सिस्टिम वेबव्ह्यू’ नावाचा एक घटक असतो आणि अनेक ॲप्स आपल्या आत संकेतस्थळांची पाने दाखवण्यासाठी त्याची खिडकीसारखी मदत घेतात. त्या घटकाच्या एका सदोष अपडेटमुळे जीमेलसह असंख्य ॲप्स उघडताक्षणी बंद होऊ लागली. त्या घटकाचे नवे अपडेट काढून टाकणे हा तेव्हाचा तात्पुरता उपाय होता आणि लवकरच गूगलने वेबव्ह्यू आणि क्रोम या दोन्हींची दुरुस्त आवृत्ती दिली. त्या दिवशी ज्यांनी घाईने फोन कोरा करून घेतला असेल, त्यांनी आपली माहिती विनाकारण घालवली. एक दिवस थांबणे हाही दुरुस्तीचाच एक प्रकार आहे, असे आमचे फोरमन म्हणत, आणि आम्ही त्यांना आळशी म्हणत असू.

एकच ॲप पडत असेल, तर फोन एकदा बंद करून पुन्हा सुरू करावा आणि ॲपचे नवे अपडेट आले आहे का ते पाहावे. एवढ्याने भागले नाही की सेटिंग्जमधील ॲप्सच्या यादीत जाऊन त्या ॲपचे स्टोरेज उघडावे. तेथे दोन बटणे असतात आणि खरा घोटाळा तेथेच होतो. ‘क्लिअर कॅश’ म्हणजे ओटा पुसून घेणे. तात्पुरता पसारा जातो, डब्यांतले धान्य जागच्या जागी राहते. ‘क्लिअर डेटा’ म्हणजे डबेच उपडे करणे. पहिले बटण निर्धास्तपणे दाबावे. दुसरे दाबल्यावर ॲप नुकतेच घातल्यासारखे कोरे होते, पासवर्ड नव्याने द्यावा लागतो आणि व्हॉट्सॲपच्या बाबतीत बॅकअप घेतलेला नसेल तर संभाषणेही जातात. यूपीआयच्या ॲपमध्ये पुन्हा नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी बँकेशी जोडलेल्या क्रमांकाचे सिम त्याच फोनमध्ये असावे लागते, कारण तो फोन आपलाच आहे याची खात्री त्या सिमवरून जाणाऱ्या एसएमएसने होते. आमच्या कट्ट्यावरील एका गृहस्थांचे ते सिम घरी साध्या फोनमध्ये होते आणि त्यांनी भाजीवाल्यासमोर उभे राहून डेटा साफ केला. भाजीचे पैसे मी दिले.

आयफोनमध्ये प्रत्येक ॲपसाठी कॅश साफ करण्याचे असे सार्वत्रिक बटण नाही. तेथे ‘ऑफलोड ॲप’ असा पर्याय आहे. त्याने ॲप निघते पण त्यातील कागदपत्रे आणि माहिती राहते, आणि मग ॲप पुन्हा घालता येते.

काही वेळा ॲप पडलेलेच नसते, पण माणसाला तसे वाटते. एक निवृत्त शिक्षिका सांगत होत्या, की पैसे भरताना त्या ओटीपी पाहण्यासाठी मेसेजमध्ये जातात आणि परत येतात तोवर बँकेचे ॲप बंद होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. मी त्यांच्याशेजारी बसून सारा प्रकार पाहिला. त्यांच्या फोनची रॅम, म्हणजे चालू असलेल्या ॲप्सना लागणारी तात्पुरती कामाची जागा, २ जीबी आहे. एका ॲपमधून दुसऱ्यात गेल्यावर ही जागा पुरेनाशी झाली की अँड्रॉइड मागे राहिलेले ॲप स्वतःहून बंद करते. ही त्या व्यवस्थेची काटकसर आहे, बिघाड नव्हे. मेसेजमध्ये न जाता पडद्याच्या वरच्या बाजूला उतरणाऱ्या सूचनेतूनच आकडे वाचून टाकायचे, एवढे सांगितल्यावर त्यांची अडचण मिटली. ‘चाळीस वर्षे मुलांना सांगितले की पान उलटू नका, समोर पाहा,’ असे म्हणून त्या हसल्या.

दुसरा प्रकार याहून विचित्र आहे. घोडबंदर रोडला राहणाऱ्या माझ्या मेहुण्यांचे बँकेचे ॲप उघडताच बंद होई. फोन नवा, जागा भरपूर, इतर सगळी ॲप्स व्यवस्थित. बऱ्याच चौकशीनंतर कळले, की नातवाने फोन ‘फास्ट’ करून देण्यासाठी सेटिंग्जमधील बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारून डेव्हलपर पर्याय, म्हणजे ॲप बनवणाऱ्यांसाठी लपवून ठेवलेल्या सेटिंग्ज, उघडले होते आणि ते तसेच सुरू ठेवले होते. आपल्याकडील काही बँकांची ॲप्स असे पर्याय सुरू असताना, किंवा फोनचा पडदा दुसऱ्याला दाखवणारे ॲप त्यात असताना, सुरक्षेसाठी चालायचे नाकारतात. दार आतून लावून घेतलेले असते आणि आपण बाहेर कुलूप बिघडले म्हणून किल्लीवाला शोधत फिरतो. ते पर्याय बंद करताच ॲप सुरू झाले.

जुन्या फोनचा प्रश्न वेगळा आहे आणि त्यावर फारसा इलाज नाही. ॲप बनवणाऱ्या कंपन्या ठरावीक काळानंतर अँड्रॉइडच्या जुन्या आवृत्त्यांचा पाठिंबा काढून घेतात. उदाहरणार्थ, २४ ऑक्टोबर २०२३ पासून व्हॉट्सॲपने अँड्रॉइड ५.० च्या आधीच्या आवृत्त्यांचा पाठिंबा काढून घेतला. तेव्हा नवे अपडेट मिळेनासे झाले की आपल्या फोनची आवृत्ती सेटिंग्जमधील ‘अबाउट फोन’ येथे पाहून घ्यावी, म्हणजे नसलेल्या दोषावर पैसे जाणार नाहीत. फोनसोबत येणाऱ्या सेफ मोडचीही माहिती असावी. त्यात आपण घातलेली ॲप्स तात्पुरती बंद राहतात, आणि मूळ फोन तेव्हा नीट चालला तर दोष आपणच घातलेल्या कशात तरी आहे हे ओळखता येते.

ॲप चालेनासे झाले की अनेक जण इंटरनेटवर बँकेचा ‘कस्टमर केअर’ क्रमांक शोधतात, आणि तेथे भामट्यांनी पेरलेले खोटे क्रमांक हमखास सापडतात. पलीकडचा माणूस अतिशय गोड बोलून पडदा दाखवणारे ॲप घालायला सांगतो. एनीडेस्कसारख्या ॲपचा वापर करून होणाऱ्या अशा फसवणुकीबाबत रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच सावध केले होते. क्रमांक हवा असेल तर तो पासबुकावरून किंवा डेबिट कार्डाच्या मागून घ्यावा, आणि पैसे गेलेच तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे. हे आमच्या वहीत मी लाल शाईने लिहिले आहे.

माझी एक तक्रार ॲप बनवणाऱ्यांविषयी आहे. बँका, विमा कंपन्या आणि सरकारी सेवा यांची कामे ॲपवर ढकलली जात आहेत आणि काउंटरवरची माणसे कमी होत आहेत, हे आम्हाला डोळ्यांनी दिसते. मग ते ॲप का बंद पडले हे माणसाला समजेल अशा भाषेत सांगण्याची जबाबदारीही त्यांच्यावरच येते. ‘काहीतरी चुकले, नंतर प्रयत्न करा’ हे उत्तर नव्हे. अपडेटसोबत ‘बग फिक्सेस’ एवढे दोन शब्द लिहिणे हीसुद्धा माहिती नव्हे. कोणती आवृत्ती लागेल आणि किती जागा मोकळी हवी, हे ॲप घालतानाच मराठीत सांगावे. ‘आपल्या फोनमध्ये डेव्हलपर पर्याय सुरू आहेत, ते बंद करून पुन्हा उघडा’ असे एक वाक्य पडद्यावर आले असते, तर माझ्या मेहुण्यांचे चार दिवस वाचले असते. फोनमध्ये जागा उरली नाही हे व्यवस्थेला ठाऊक असते, तेव्हा तेही सांगता यावे.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती आहे. एखादे मोठे ॲप किंवा त्याखालचा घटक सगळ्यांचाच बिघडला, तर त्याची दोन ओळींची बातमी ठाणे पुरवणीत दुसऱ्याच दिवशी पहिल्या पानावर द्यावी आणि ‘फोन कोरा करू नका’ एवढे त्यात ठळक छापावे. आमच्या कट्ट्यावरील मंडळी सकाळी सहाच्या सुमारास आपला अंक उघडतात आणि दुकाने अकराला उघडतात.

आपला,
एक निवृत्त देखभाल कर्मचारी
नौपाडा, ठाणे (पश्चिम)